बेटांकडून एवढं तरी घ्या

संपादक महोदय,

समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच असलेल्या, प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या देशाने पॅरिस हवामान करारानुसारचं, तापमानवाढ करणारे वायू कमी करण्याचं दुसरं वचनपत्र नोव्हेंबर 2018 मध्ये, जगात सर्वांत आधी दिलं. वीज, वाहतूक, जहाजं, कचरा सगळं त्या एकाच कागदावर आणलं. आमच्या वरळी कोळीवाड्यात उधाणाला पाणी उंबऱ्याशी येतं, बोंबील सुकवायच्या वलांडीखाली चिखल होतो. तक्रार घेऊन गेलं, की नाल्याचं खातं वेगळं, बंधाऱ्याचं वेगळं! मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे असे वायू जेवढे सोडू तेवढेच शोषले जातील असं उद्दिष्ट त्यात आहे. आता कोणत्या खात्याने काय, कधीपर्यंत करायचं, ते दरवर्षी प्रभागवार मराठीत छापून आमच्या चावडीवर लावा.

– एक मच्छीविक्रेती, वरळी कोळीवाडा, मुंबई