सही करण्याआधी

अंधेरी, मुंबई

प्रिय नित्या,

महाबळेश्वरच्या रिसॉर्टची ऑपरेशन्स मॅनेजरची ऑफर घेऊ का, असं विचारलंयस. पगार बरा, राहायला क्वार्टर, वहिनीही तयार. तरी अभिनंदन जरा राखून ठेवतो, रागावू नकोस.

आमच्या हॉटेलातल्या एफअँडबी, म्हणजे खाण्यापिण्याचं खातं बघणाऱ्या मॅनेजरचं ऐक. मध्यंतरी बँक्वेटमध्ये लग्न होतं, नवऱ्या मुलाची आजी चक्कर येऊन पडली. यानं सगळं चोख केलं. डॉक्टर बोलावला, खुर्च्या हलवल्या, पाणी आणलं, घरच्यांना धीर दिला. नंतर स्टाफ कॅन्टीनमध्ये थंड झालेली डाळ चिवडत म्हणाला, "मला काहीच वाटलं नाही रे. बुफे आता किती लांबणार, एवढंच डोक्यात होतं." माणूस मुळात प्रेमळ, हाताखालच्या पोरांच्या घरच्या अडचणींत स्वतःच्या खिशातून पैसे देणारा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात नेमकं हे आहे. गळून जाणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तो आजार नव्हे, कामाच्या जागी साचत गेलेल्या, निस्तरला न गेलेल्या ताणाचा परिणाम, असं ते म्हणतात. आपल्या धंद्यात मन उडालेलं कुणाला दिसत नाही, कारण हसू ट्रेनिंगमध्येच बसवलेलं असतं. एसी बंद पडला म्हणून रात्री एक वाजता ओरडणाऱ्या गेस्टसमोर तोंड आपोआप गोड बोलतं. म्हणून "तू फार मनाला लावून घेतोस" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. योगाचं सेशन ठेवून ड्युटीचं रिकामं रोस्टर भरत नाही.

आता कायदा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केलं तर दुप्पट पैसे. पण व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला तो लागूच नाही! म्हणजे स्टुअर्ड (वेटर) आला नाही की त्याच्या जागी उभं राहणारा सगळ्यात फुकट माणूस कोण, तर मॅनेजर. हाउसकीपिंगची तीन पोरं दांडी मारतात, तेव्हा बेडशीटही तोच ताणतो, आणि सकाळच्या ब्रीफिंगला रेटिंग का घसरलं याचा जाबही तोच देतो.

महाबळेश्वरला तर पावसात ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, कोसळणार. तेव्हा माणसं कमी करायची आणि दिवाळीला तेवढ्याच माणसांत हॉटेल फुल्ल चालवायचं, हा बऱ्याच मालकांचा हिशेब. शिवाय क्वार्टर आवारातच असेल, तर ऑफच्या दिवशीही दार वाजतं. क्वार्टर फुकट मिळतं म्हणून हुरळून जाऊ नकोस, ते कुठे आहे ते आधी बघून ये.

नाही म्हण, असं मी म्हणत नाही. काम तुला जमेल, आपल्या बॅचमध्ये तुझ्याइतका थंड डोक्याचा कुणी नव्हता. पण विचारून घे: मंजूर जागा किती, आज भरलेल्या किती, सीझनला जादा माणसं कोण आणणार? रात्रीचा ड्युटी मॅनेजर वेगळा आहे की तूच? आठवड्याची सुट्टी लेटरमध्ये लिहून देतात का? आधीचा मॅनेजर का गेला, हे एचआरला नको, गेटवरच्या सिक्युरिटीला विचार.

ऑफर लेटर व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. फोन साडेबारा ते दीडच्या मध्ये कर. चेकआउट आटोपलेले असतात, चेक-इन लागायचे असतात.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझा,
सुध्या