व्हॅक्यूम पंपाच्या रिकाम्या जागी राखीव आल्टरनेटर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारामती, शिरपूर, धुळे, जळगाव, गोंदिया अशा ठिकाणी आज राज्यातील आणि राज्याबाहेरचीही पुष्कळ मुले-मुली व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी शिकत आहेत. ती ज्या विमानांवर शिकतात त्यांतली बहुतेक एका पिस्टन इंजिनाची, दोन किंवा चार आसनांची असतात, आणि हौसेने स्वतःचे विमान बाळगणाऱ्या मोजक्या खासगी मालकांकडेही साधारण याच जातीची विमाने आढळतात. अशा जुन्या विमानांच्या पॅनलवरची भोवऱ्यावर चालणारी उपकरणे काढून तिथे इलेक्ट्रॉनिक पडदे बसवण्याचे काम गेल्या काही वर्षांत जगभर होऊ लागले आहे. विमान देखभाल अभियंता म्हणून नोकरीची सारी वर्षे हँगरमध्ये घालवल्यामुळे या बदलासंबंधी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. पडदे बसले की ती भोवऱ्याची उपकरणे शोषणाने चालवणारा, इंजिनाच्या पाठीवरचा व्हॅक्यूम पंप काढतात आणि त्याची जागा धातूची चकती लावून बंद करतात. ती जागा बंद करू नये, तिथे लहानसा राखीव आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर विमानासाठी वीज तयार करणारे यंत्र, बसवावा, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

वीज गेली म्हणजे या विमानांचे इंजिन बंद पडते असे मात्र नाही. लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टल कंपनीच्या पारंपरिक पिस्टन इंजिनात ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो असतात, ते इंजिनाच्याच फिरण्यावर आपली वीज स्वतः तयार करतात आणि त्यांना बॅटरीची किंवा आल्टरनेटरची गरज लागत नाही. बहुधा यामुळेच आल्टरनेटरचा बिघाड ही किरकोळ बाब आहे असा समज वैमानिकांत आणि मालकांत रुजला असावा. दिवसा, स्वच्छ हवेत, ओळखीच्या धावपट्टीजवळ तो बिघाड खरोखरच किरकोळ ठरतो. रात्री, किंवा पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरलेले असताना, तोच बिघाड रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारे उपकरण), दिवे, विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीचा हीटर, विजेवर चालणारे फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या झडपा) आणि आता पॅनलवरचे पडदे अशा सगळ्यांवर एकदम येतो. मोटारीचा आल्टरनेटर गेला तर गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते, तशी सोय आकाशात नाही.

आल्टरनेटर बिघडतो कसा, हेही थोडे सांगितले पाहिजे, कारण एकदा बसवला की हा भाग विसरून जायचा, अशी अनेकांची समजूत असते. लायकमिंग इंजिनांत तो पुढच्या बाजूला, पंख्याच्या मागे, पट्ट्यावर फिरतो. पट्टा सैल असला तर घसरून झिजतो आणि काउलिंग, म्हणजे इंजिनावरचे आवरण, उघडल्यावर आत काळी भुकटी पसरलेली दिसते. नवा पट्टा घालायचा तर आधी पंखा उतरवावा लागतो, त्यामुळे हे काम पुढच्या तपासणीपर्यंत ढकलण्याचा मोह होतो. आतले कार्बनचे ब्रश झिजत झिजत इतके आखूड होतात की स्प्रिंगचा दाबच उरत नाही. डायोड जळतात, आधाराच्या ब्रॅकेटला तडे जातात. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती फील्डच्या, म्हणजे आल्टरनेटरमधल्या विद्युतचुंबकाला वीज पुरवणाऱ्या, बारीक तारेची. तिच्या टोकाची कडी दाबून बसवलेली असते, आणि त्या दाबाच्या अगदी मागे इंजिनाच्या थरथरीने तारेतला एकेक तंतू तुटत जातो. बाहेरून आवरण शाबूत दिसते, बोटाने हलवून पाहिल्यावरच आत दोन-तीन तंतू उरल्याचे कळते. एवढ्याशा तारेवर सगळ्या विमानाची वीज अवलंबून असते.

आल्टरनेटर गेला की भार बॅटरीवर येतो. अमेरिकेच्या नियमांत १९९० च्या दशकात अशी अट घालण्यात आली की, वीज निर्माण करणारी यंत्रणा पूर्ण बंद पडल्यास सुरक्षित उड्डाण आणि अवतरण यांसाठी अत्यावश्यक असलेल्या उपकरणांना बॅटरीने निदान ३० मिनिटे वीज पुरवली पाहिजे. त्याआधी प्रमाणित झालेल्या विमानांना ती अट पाळावी लागत नाही, आणि आपण ज्या सेसना विमानांवर मुले शिकवतो त्यांतली पुष्कळशी त्याआधीच्याच रचनेची आहेत. जरा हिशेब करून पाहावा. २४ व्होल्टची, सुमारे १३ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली आणि रात्रीच्या उड्डाणातला भार २० अँपिअर धरला, तर कागदावर चाळीस मिनिटांच्या आतच ती संपते. जुनी बॅटरी तिच्या मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आलेली असली तर उरतात तीसेक मिनिटे. त्यातून बिघाड लक्षात येईपर्यंत गेलेला वेळ वजा करावा लागतो. नव्या सेसना १७२ मध्ये दाब २४.५ व्होल्टच्या खाली गेल्यावर इशाऱ्याचा दिवा लागतो. पण जुन्या विमानात कित्येकदा विजेचा प्रवाह दाखवणारा काट्याचा एक अँमीटर तेवढा असतो, आणि विद्यार्थ्याचे लक्ष बाहेर असताना तो काटा उणे बाजूला सरकलेला कोणालाच दिसत नाही. पहिले लक्षण म्हणून रेडिओवरचा आवाज खरखरू लागतो, तोवर बॅटरी निम्मी उतरलेली असते.

व्हॅक्यूम पंपाचा मुद्दा येथे महत्त्वाचा ठरतो. जुन्या रचनेत विमानाची क्षितिजाशी स्थिती दाखवणारे आणि दिशा दाखवणारे अशी दोन भोवऱ्याची उपकरणे पंपाच्या शोषणावर चालत आणि वळणाचा वेग दाखवणारे तिसरे उपकरण विजेवर चाले. पंप गेला तर वीज उरत होती, वीज गेली तर पंप उरत होता. कार्बनच्या पात्यांचे ते कोरडे पंप पूर्वसूचना न देता मोडत, त्यांच्याबद्दल मला मुळीच ममत्व नाही, पण ज्यांनी ही रचना केली त्यांनी एका बिघाडात सगळे जाणार नाही एवढी काळजी नक्की घेतली होती. २०१६ पासून जुन्या प्रमाणित विमानांत स्वस्त इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवण्याची वाट अमेरिकेत मोकळी झाली आणि पंप काढून टाकणे सोपे झाले. गार्मिनच्या जी५ सारख्या उपकरणाला स्वतःची बॅटरी असते व ती चार तासांपर्यंत चालू शकते, म्हणजे वीज गेल्यावरही पंख सरळ ठेवता येतील. तरी त्या बॅटरीवर रेडिओ चालत नाही, ट्रान्सपाँडर चालत नाही, दिवे लागत नाहीत. विमान समतल आहे एवढे कळून रात्रीची धावपट्टी सापडत नाही. थोडक्यात, शक्तीचे दोन स्रोत होते त्यांतला एक आपण आपल्या हाताने काढला आहे, आणि तो परत देण्याची जागा तिथेच रिकामी आहे.

त्या जागेवर बसणारा राखीव आल्टरनेटर नवा शोध नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या बी अँड सी या कंपनीचे असे आल्टरनेटर अनेक वर्षे बोनान्झा या एका इंजिनाच्या विमानावर व इतर विमानांवर चालत आले आहेत. वजन दोन-तीन किलोच्या आसपास, पट्टा नाही, इंजिनाच्या आतल्या दातेरी चाकावर थेट फिरतो. पंपाचा दांडा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, साधारण सव्वा ते दीड पट वेगाने फिरतो, तर पुढचा पट्ट्याचा आल्टरनेटर त्याहून कितीतरी जोरात. त्यामुळे मागचा लहान आल्टरनेटर मुख्य आल्टरनेटरच्या ६० अँपिअरची बरोबरी करत नाही, त्याच्याकडून २० अँपिअर मिळतात. तेवढे पुरते. एक रेडिओ, ट्रान्सपाँडर, पडदे, बाहेरचे ओळखदिवे आणि गरज पडल्यास पिटोचा हीटर यांत भागते, आणि बॅटरी शेवटच्या टप्प्यात उतरण्याच्या दिव्यासाठी राखून ठेवता येते. अर्थात कशाला किती अँपिअर लागतात याचा तक्ता आधी कागदावर मांडूनच हे ठरवले पाहिजे. राखीव आल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा भाग, मुख्य आल्टरनेटरपेक्षा थोड्या कमी व्होल्टेजवर ठेवलेला असतो. मुख्य आल्टरनेटर चालू आहे तोवर हा गप्प राहतो, मुख्य गेला की दाब घसरतो आणि वैमानिकाने काही करण्याआधीच हा भार उचलतो, व पॅनलवर दिवा लागून तसे कळते. इंजिन मंद फिरत असताना मात्र त्याच्याकडून फारसे मिळत नाही. म्हणून उतरताना थ्रॉटल मागे घेतल्यावर तूट बॅटरी भरून काढते, हे प्रत्येक वैमानिकाला आधीच ठाऊक असले पाहिजे.

बसवण्याच्या कामात मला एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो. दुसरा आल्टरनेटर पहिल्याच्याच तारेला, पहिल्याच्याच ब्रेकरला आणि पहिल्याच्याच अर्थिंगला जोडला, तर पैसे खर्च होतात आणि धोका जिथल्या तिथे राहतो. त्याची फील्डची तार, रेग्युलेटर, स्विच, संरक्षक फ्यूज आणि अर्थिंग ही सगळी वेगळी हवीत. बॅटरीला बसबारशी, म्हणजे उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीशी, जोडणारा मास्टर काँटॅक्टर हा मुख्य स्विचच बिघडला तर दोन्ही आल्टरनेटर असूनही बसबारवर वीज टिकेलच असे नाही, म्हणून अत्यावश्यक उपकरणांना त्या काँटॅक्टरला वळसा घालून जाणारी दुसरी वाटही हवी. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे दोन इंजिनांच्या डायमंड डीए४२ विमानाच्या बाबतीत जे झाले ते यासाठी वाचण्यासारखे आहे. बॅटरी उतरलेली होती, इंजिने बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू केली गेली, आणि उड्डाणानंतर चाके वर घेताना मोटारीने ओढलेल्या विजेमुळे दाब क्षणभर इतका पडला की दोन्ही इंजिनांचे नियंत्रक संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही पंखे थांबले. दोन इंजिने होती, दोन आल्टरनेटर होते, तरी वीज एकाच उतरलेल्या बॅटरीशी बांधलेली होती. पुढे त्या विमानांच्या संगणकांसाठी वेगळ्या बॅटऱ्या देण्यात आल्या. आपल्या विमानांत मॅग्नेटो असल्याने इंजिने अशी थांबणार नाहीत, पण साध्या आल्टरनेटरलाही फील्ड उभे करण्यासाठी बॅटरीतून थोडी वीज लागते. म्हणून राखीव आल्टरनेटर आहे या भरवशावर पुरती उतरलेली बॅटरी घेऊन उड्डाण करणे चूकच.

यंत्राइतकेच प्रशिक्षणही लागते, याचे उदाहरण अमेरिकेतलेच आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये एअर इलिनॉयचे हॉकर सिडली ७४८ जातीचे प्रवासी विमान स्प्रिंगफिल्डहून निघाल्यावर लगेच त्याचा डावा जनरेटर गेला. सहवैमानिकाने गडबडीत चालू असलेला उजवा जनरेटर वेगळा काढला आणि तो पुन्हा जोडता आला नाही. स्प्रिंगफिल्ड जवळच होते, तरी कप्तानाने रात्रीच्या ढगांतून कार्बनडेलपर्यंत जाण्याचे ठरवले. सुमारे अर्ध्या तासाने बॅटरी संपली आणि विमानातील सर्व दहा जणांचा मृत्यू झाला. तेव्हा दोन स्रोत असले की काम भागले असे मी म्हणत नाही. कोणता गेला आहे हे स्पष्ट दिसले पाहिजे, हात कोणत्या स्विचवर जायला हवा याचा सराव हवा, आणि राखीव आल्टरनेटर चालू झाल्याचा दिवा म्हणजे जवळच्या विमानतळावर उतरण्याची सूचना आहे, प्रवास पुढे चालू ठेवण्याची परवानगी नव्हे, हे प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

खर्चाचा आक्षेप मला मान्य आहे. आयात, सीमाशुल्क, अभियंत्याचे तास आणि कागदपत्रे धरून हा खर्च प्रत्येक विमानामागे काही लाखांत जातो, आणि विमान तेवढे दिवस जमिनीवर राहते ते वेगळेच. पण पडद्यांसाठी पॅनल उघडलेले असते, नव्या तारा ओढल्या जात असतात, पंप उतरलेला असतो, वजन व समतोलाची फेरमोजणी करायचीच असते. त्याच वेळी हे काम केले तर जास्तीचा खर्च आटोक्यात राहतो; वर्षभराने पुन्हा सगळे उघडले तर तो कितीतरी वाढतो.

अडचण मुख्यतः मंजुरीची असते. प्रमाणित विमानात असा बदल करायचा तर त्या मॉडेलसाठी पूरक प्रकार प्रमाणपत्र लागते, आणि परदेशी प्रमाणपत्र आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यतेने वापरावे लागते. ही छाननी गैर आहे असे मी म्हणणार नाही, कारण इंजिनाच्या दातेरी चाकाला काहीही जोडणे ही जबाबदारीची बाब आहे. मात्र प्रशिक्षणासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन-तीन मॉडेलांपुरती राखीव आल्टरनेटरची मान्यता महासंचालनालयाने एकदाच तपासून सर्व संस्थांना खुली करावी, म्हणजे प्रत्येक लहान संस्थेला तीच फाईल नव्याने चालवावी लागणार नाही. आणि ज्या एका इंजिनाच्या विमानातून व्हॅक्यूम पंप काढलेला आहे, ते रात्रीच्या प्रशिक्षणासाठी वापरायचे असल्यास विजेचा दुसरा स्वतंत्र स्रोत सक्तीचा करावा. व्यावसायिक परवान्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला रात्रीचे पाच तास आणि त्यात दहा उड्डाणे व दहा अवतरणे स्वतः प्रमुख म्हणून करावी लागतात. हे उड्डाण ऐच्छिक नाही, मग त्याची सुरक्षितताही संस्थेच्या मर्जीवर सोडलेली असू नये.

नियम होईपर्यंत संस्थांना आजही काही करता येईल. बॅटरीची क्षमता भार लावून ठरलेल्या मुदतीत मोजावी. आल्टरनेटरचे ब्रश दर पाचशे तासांच्या आत उघडून पाहावेत. जिथे राखीव आल्टरनेटर आहे तिथे उड्डाणापूर्वीच्या इंजिन तपासणीत मुख्य आल्टरनेटर क्षणभर बंद करून दुसरा खरोखर भार घेतो का ते विद्यार्थ्याकडून बघून घ्यावे. मुलामुलींना प्रवेश घेऊन देणाऱ्या पालकांना विनंती की, संस्था पाहायला जाल तेव्हा विमानांची संख्या आणि वसतिगृह यांच्याबरोबर रात्रीच्या उड्डाणाच्या विमानात विजेचे किती स्वतंत्र स्रोत आहेत, हेही देखभाल प्रमुखांना विचारावे आणि विमान उघडून दाखवण्यास सांगावे.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
पुणे