ओपन एमआरआयला जाण्याआधी ‘किती टेस्ला?’ हे विचारा

महोदय,

बंद जागेची धास्ती असलेल्या रुग्णाला ‘ओपन एमआरआय’ हे शब्द ऐकले की हायसे वाटते. पण मशीनमध्ये नेमके काय उघडे असते आणि त्या बदल्यात काय कमी होते, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. मग टेबलावर आडवे झाल्यावर धीर सुटतो. काही वेळा तपासणी नीट पार पडते, पण डॉक्टरांना हवे ते चित्रात दिसत नाही आणि दुसऱ्या मशीनवर पुन्हा स्कॅन करावा लागतो. भेटीची वेळ ठरवतानाच दोन-चार प्रश्न विचारले, तर यातले बरेच टळू शकते.

नेहमीचे मशीन म्हणजे ६० किंवा ७० सेंटिमीटर व्यासाचा बोगदा. ओपन मशीनमध्ये बोगदा नसतो. बहुतेक मशीनमध्ये चुंबकाच्या दोन जाड तबकड्या असतात, एक खाली आणि एक वर, आणि टेबल त्यांच्यामध्ये सरकते. बाजू मोकळ्या राहतात, त्यामुळे डावी-उजवीकडे खोली दिसते आणि लहान मुलाचा हात धरून आईला शेजारी बसता येते. (आईचीही धातूची तपासणी रुग्णाइतकीच काटेकोर व्हायला हवी.) वरची तबकडी मात्र चेहऱ्याच्या जवळच असते. दोन तबकड्यांमधली जागा साधारण ४० सेंटिमीटरच्या आसपास. ज्यांना ‘वर छत टेकते’ याचीच भीती आहे, त्यांना ओपन मशीनमध्येही घुसमटल्यासारखे होऊ शकते. पोटाचा घेर मोठा असेल, तर ७० सेंटिमीटरचा रुंद बोगदा कधी कधी जास्त सोयीचा पडतो. म्हणून मशीनमधली उंची आधी विचारा आणि जमल्यास मशीन डोळ्यांनी पाहून या.

आता मुख्य मुद्दा. चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात. बोगद्याची मशीन बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात, तर बरीच ओपन मशीन ०.२ ते ०.४ टेस्लाची. १ टेस्ला किंवा थोड्या अधिक ताकदीची ओपन मशीनही आहेत, पण कमी. ताकद कमी म्हणजे शरीरातून येणारा संदेश क्षीण आणि चित्रात खरखर जास्त. ती घालवायला तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते, आणि इथे हिशेब फार महागात पडतो : चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल, तर वेळ चौपट लागतो. म्हणून ओपन मशीनवर स्कॅन लांबतो. टेबलावर जितका वेळ जास्त, तितकी हालचाल जास्त, आणि हालचाल झाली की चित्र पुसट. मानेच्या स्कॅनमध्ये तर नुसता आवंढा गिळल्यानेही चित्र बिघडते. दोन मोजमापांच्या मध्ये आवाज थांबतो, तेव्हा गिळावे, खोकावे. पण तपासायचा भाग जागचा हलवू नये.

यावरून ओपन मशीन टाकाऊ असे समजू नये. गुडघा, खांदा, कमरेची सरकलेली चकती अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्यावर मिळतात. सांध्यात धातूचे रोपण असेल, तर कमी ताकदीच्या चुंबकात त्याभोवतीचे चित्र कमी विस्कटते, हा तर त्याचा फायदाच. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली बारीक गाठ, कानाच्या नसा, मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय, प्रोस्टेट यांच्यासाठी जास्त टेस्लाचे मशीन लागते. ‘माझ्या तपासणीला हे मशीन पुरेल का?’ असे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यांनीही चिठ्ठीवर केवळ ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता काय शोधायचे आहे ते लिहावे.

‘ओपन’ म्हणजे चेहरा मोकळा असाही समज असतो. मेंदूच्या स्कॅनसाठी डोक्याभोवती कॉइलचा, म्हणजे शरीरातला संदेश टिपणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांचा, पिंजरा बसवावाच लागतो. कमरेच्या स्कॅनला पोटाभोवती पट्ट्यासारखी कॉइल गुंडाळतात. ती अंगालगत असेल तरच क्षीण संदेश नीट टिपला जातो, म्हणून ‘सैल ठेवा’ हा आग्रह धरू नका.

सर्वांत धोकादायक गैरसमज म्हणजे ‘कमी ताकदीचे आहे, काही होत नाही’. ०.३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट. कायम चुंबकाच्या मशीनला तर चुंबक बंद करायचे बटणच नसते. वीज गेली तरी ओढ तशीच राहते. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातले कॉक्लिअर रोपण यांचे कार्ड सोबत आणा. अनेक रोपणांना ठरावीक टेस्लापुरतीच परवानगी असते. १.५ टेस्लाला चालणारे रोपण ०.३ टेस्लाला आपोआप चालते असे नाही. तिथे चुंबकाची दिशा वेगळी असते आणि स्कॅनसाठी शरीरात सोडल्या जाणाऱ्या रेडिओलहरींची वारंवारताही. ग्राइंडिंग किंवा वेल्डिंग करताना कधी डोळ्यात कण गेला असेल, तर ते आवर्जून सांगा. आधी डोळ्यांचा एक्स-रे लागू शकतो.

दागिने, श्रवणयंत्र, कवळी, धातूचे तंतू असलेले कपडे आणि औषधाच्या चिकटपट्ट्या उतरवा. काही पट्ट्यांत धातूचा पापुद्रा असतो आणि तिथे त्वचा भाजते. (डॉक्टरांनी लावलेली पट्टी त्यांना विचारूनच काढा.) हाताची घडी घालू नका, पाय एकमेकांवर टाकू नका. उघडी त्वचा त्वचेला टेकली की वर्तुळ पूर्ण होते, रेडिओलहरींमुळे त्यातून विजेचा प्रवाह वाहतो आणि टेकल्या जागी चटका बसू शकतो. तंत्रज्ञ मांड्यांमध्ये कापड ठेवतो ते यासाठी. कुठेही गरम लागले तर स्कॅन संपायची वाट पाहू नका, तंत्रज्ञाला बोलावण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा लगेच दाबा. इंजेक्शन देऊन स्कॅन करायचा असेल, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण आधी सांगा.

जास्त टेस्लाची गरज आहे आणि भीतीही आहे, अशा रुग्णालाही मार्ग आहेत : रुंद बोगदा, आत जाण्याआधीच बांधलेली डोळ्यांवरची पट्टी, बाहेरचे दाखवणारा आरसा, गुडघ्यासाठी पाय पुढे करून आत जाणे, किंवा डॉक्टरांनी दिलेली भीती कमी करणारी गोळी. गोळी घेतल्यास गाडी चालवू नका, सोबत कुणीतरी असू द्या.

तपासणी केंद्रांना विनंती आहे की, वेळ देताना चिठ्ठीवर मशीन किती टेस्लाचे, आतली उंची किती आणि स्कॅनला किती मिनिटे लागतील, हे छापावे. रुग्णांनी रिपोर्टसोबत मूळ चित्रांची सीडीही मागून घ्यावी. पुढच्या वेळी तुलना करताना नुसत्या कागदावरच्या फोटोंचा फारसा उपयोग होत नाही.

आपला,
एक एमआरआय तंत्रज्ञ