चि. ताईस: पत्त्यांचा कॅट आणि दार्जिलिंगची गाडी

मिरज

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुम्ही दोघा बहीणभावांनी मिळून आखलेला बेत तू सांगितलास. दिवाळीच्या सुमारास मी आणि तुझ्या आईने विमानाने बागडोग्र्याला जावे, तेथून मोटारीने दार्जिलिंग गाठावे, चार दिवस कोणतीही दगदग न करता राहावे आणि सगळा खर्च तुम्ही दोघांनी करावा. मी "कळवतो" एवढेच म्हणालो आणि त्यामुळे तू जराशी हिरमुसलीस, असे आई म्हणते. त्याच फोनवर तू आणखी एक गोष्ट विचारलीस. बंडूची सकाळ पोहणे, बुद्धिबळ आणि अबॅकस यांत जाते, पण दुपार झाली की तो "कंटाळा आला, कंटाळा आला" म्हणत घरभर फिरतो, तेव्हा त्याची बुद्धी वाढेल असा एखादा खेळ सुचवा, असे तुझे म्हणणे होते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्या मनात एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती फोनवर नीट सांगता आली नसती, म्हणून हे पत्र.

आधी खेळाचे सांगतो. बुद्धी वाढावी म्हणून खेळ आणू नकोस. मुलांना हा हेतू फार लवकर कळतो आणि ज्या खेळात आई शेजारी बसून "आता पुढची बेरीज तू सांग" म्हणते, तो खेळ त्यांच्या लेखी सकाळच्या वर्गाचाच पुढचा तास होतो. बंडूला कंटाळा येतो यात मला काळजीचे काही दिसत नाही. रिकाम्या दुपारी त्याच्यासोबत खेळायला बसणारे मोठे माणूस नाही, एवढीच उणीव मला दिसते, आणि तेही असे माणूस हवे, की ज्याला त्या खेळात स्वतःला गोडी आहे. तू लहानपणी पत्त्यांत इतकी रमायचीस, की जेवायला हाक मारली तरी "हा एवढा डाव" म्हणून उठायची नाहीस. ती गोडी तुझ्यात अजून असणार. म्हणून माझे सांगणे एवढेच, की पत्त्यांचा एक चांगला कॅट आण आणि रविवारची एक दुपार मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर सतरंजी टाक.

बंडू आता तिसरीत जाईल. त्याच्या वयाला बदाम सातसारखा दुसरा खेळ नाही. बावन्नही पाने वाटून टाकायची, बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्याने ती उतरायची, मग सत्तीला लागून छक्की किंवा अठ्ठी, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती, असे करत चारही रंग एकीकडे राजापर्यंत आणि दुसरीकडे एक्क्यापर्यंत लावत न्यायचे. यात नशीब पुष्कळ असल्यामुळे लहान मूल मोठ्यांना खरोखर हरवू शकते आणि तरीही डोके चालवायला जागा उरते, कारण दोन-तीन पाने लावण्याजोगी असली, की कोणते आधी सोडायचे आणि कोणते अडवून धरायचे, हे आपल्या हाती असते. तुझी आजी चौकटची छक्की शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि तुझ्या हातात चौकटची खालची सगळी पाने अडकून पडायची. तू रडकुंडीला यायचीस, पण आजीने कधी कीव करून छक्की आधी सोडली नाही. मला ते त्या वेळीही योग्य वाटत असे आणि आज अधिकच योग्य वाटते. मुलांशी खेळताना मुद्दाम हरू नये. आपण मुद्दाम हरलो हे त्यांना समजल्यावाचून राहत नाही आणि मग जिंकण्यातला त्यांचा सगळा आनंद उतरतो. त्यापेक्षा ज्यात त्यांना जिंकण्याची खरी संधी आहे, असा खेळ निवडावा आणि आपण जीव ओतून खेळावे.

या खेळात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार मोलाची वाटते. लावण्याजोगे पान हातात असेल तर ते लावलेच पाहिजे, "पास" म्हणता येत नाही, पण कोणाच्या हातात काय आहे हे डाव संपेपर्यंत दुसऱ्या कोणाला दिसत नाही. म्हणजे सगळा खेळ एकमेकांच्या शब्दावर चालतो. बंडू पहिल्या दिवसांत कधीतरी पान दडवून पास म्हणेल. तेव्हा त्याला भाषण देऊ नकोस. डाव संपल्यावर सगळ्यांची पाने उलगडली, की त्याला आपोआप कळेल आणि पुढच्या डावात सासूबाई, जावईबापू आणि तू आपापली पाने प्रामाणिकपणे उतरताना दिसलात, की तोही तसाच खेळू लागेल.

पुढे तो जरा मोठा झाला, की पाच-तीन-दोन शिकव. तिघांच्या घरासाठी या खेळाइतका नेमका बसणारा खेळ मला माहीत नाही. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत चारही रंगांची पाने आणि इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या अशी तीस पाने घ्यायची. प्रत्येकाला आधी पाच पाने वाटायची, ज्याला पाच हात करायचे आहेत त्याने तेवढ्याच पानांवर हुकूम बोलायचा आणि मग उरलेली पाच-पाच पाने वाटायची. दुसऱ्याला तीन हात करायचे, वाटणाऱ्याला दोन. ज्याचे हात कमी पडतील त्याच्यावर ते पुढच्या डावापर्यंत चढून राहतात, आणि ज्याने जास्त केले तो पुढचा डाव सुरू होताना त्याच्या हातातले पान न बघता ओढतो आणि आपल्याला नको असलेले पान त्याला देतो. एक्का ओढला गेल्यावर तुझ्या भावाचा होणारा चेहरा मला अजून दिसतो. परंतु वाटणी पुढे सरकत जाते, पाचाचे ओझे प्रत्येकावर येते आणि दोनाचा निवांतपणाही प्रत्येकाच्या वाट्याला येतो, त्यामुळे घरात कोणी कायमचा मोठा किंवा कायमचा लहान राहत नाही. दिवसभर ज्यांच्यावर आपण हुकूम चालवतो, त्या मुलांनी बोललेल्या हुकमावर आपण निमूटपणे पाने टाकतो, हे मला तरी फार सुखाचे वाटत असे.

सासूबाई बसल्या, की चौघे होतील आणि मेंढीकोट खेळता येईल. त्यांना बंडूचा भिडू करा आणि समोरासमोर बसवा. भिडूशी बोलायचे नाही, फक्त त्याने टाकलेल्या पानावरून त्याच्या मनातले ओळखायचे आणि दश्श्या आपल्याकडे वळवायच्या, ही गोष्ट आजी-नातवाला जशी साधते तशी दुसऱ्या कोणाला साधत नाही. पाहुणे आले तर झब्बू आहेच. कॅरमची फळी माळ्यावरून काढून मी सुताराकडून कोपरे नीट करून घेतले आहेत, बोरिक पावडरचा डबाही आणला आहे. गणपतीला याल तेव्हा काळीचे दहा, पांढरीचे वीस आणि राणीचे पन्नास या आपल्या घरच्या हिशेबाने खेळू. स्पर्धेत राणीचे तीनच गुण धरतात, हे बंडूला सांगण्याची घाई नको.

ओघात आले म्हणून सांगतो. माझ्या मनात बरेच दिवस सावंतवाडीचा गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ शिकावा असे आहे. लाखेचे काम केलेली, हाताने रंगवलेली ती गोल पाने राजवाड्यात पाहिली तेव्हा मी फार वेळ तेथून हललो नव्हतो. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग असतात, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, म्हणजे एकूण एकशे वीस पाने. डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाच्या राजाने होते आणि रात्री असेल तर कृष्णाच्या. तिघांचाच खेळ आहे. बंडूच्या साथीने शिकायला मला आवडेल.

आता दार्जिलिंगविषयी. हे ठिकाण आपल्या घरात कोणत्या वाटेने आले, ते तुझ्या लक्षात आहे का? मे महिन्यात दुपारी दारे-खिडक्या लावून आपण बसत असू. पत्त्यांचा कंटाळा आला, की तू रेल्वेचे वेळापत्रक काढायचीस आणि तुझा भाऊ शाळेचा नकाशा जमिनीवर पसरायचा. कोणी एकाने गावाचे नाव सांगायचे आणि दुसऱ्याने मिरजेहून तेथे कसे जायचे ते गाड्यांच्या वेळांसकट जुळवून दाखवायचे, असा तो खेळ होता. हा खेळ तुम्ही दोघांनी स्वतः शोधून काढला, मी फक्त वेळापत्रक विकत आणले होते. दार्जिलिंग सगळ्यांत अवघड पडले, म्हणून ते तुमचे लाडके झाले. कोयना एक्स्प्रेसने पुणे, तेथून आझाद हिंद एक्स्प्रेसने मनमाड, भुसावळ, नागपूर, रायपूर, बिलासपूर, टाटानगर करत हावडा, मग सियालदहहून दार्जिलिंग मेलने न्यू जलपाईगुडी आणि शेवटी ती छोटी गाडी. पुण्यात किती वेळ मिळेल, नागपूर दिवसा येईल की रात्री, हावड्याहून सियालदहला सामान घेऊन कसे जायचे, यावर तुमची भांडणे होत आणि आई पापड लाटता लाटता आपले मत देई.

तुझ्या भावाने त्या छोट्या गाडीची माहिती वाचनालयातून उतरवून आणली होती. रूळ फक्त दोन फूट रुंद, मार्ग १८८१ साली दार्जिलिंगपर्यंत पोहोचलेला, आणि चढ एवढा असूनही इंजिनाच्या चाकाला पकड देणारा दात्यांचा रूळ नाही. गाडी वळसे घेत आपल्याच मार्गावरून पलीकडे जाते, काही ठिकाणी पुढे जाऊन थांबते, उलटी मागे चढते आणि पुन्हा पुढे निघते. ती रस्त्याच्या कडेने, दुकानांच्या पायऱ्यांना जवळजवळ घासत सुकना, तिनधरिया, कर्सियांग करत २,२५८ मीटर उंचीवरच्या घूमला पोहोचते आणि तेथून बतासियाच्या वळशावरून खाली दार्जिलिंगला उतरते. १९९९ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती बातमी तू कात्रण करून वहीत चिकटवली होतीस.

एका पगारात तो प्रवास शक्य नव्हता आणि हे तुम्हाला माहीत होते. त्याचे मला कधी दुःख झाले नाही, हे आज मनापासून सांगतो, कारण तुम्ही त्या प्रवासाचा आनंद घेतच होता. त्याऐवजी आपण माथेरानला गेलो. नेरळहून निघणारी ती गाडीही दोन फुटी रुळावरची, १९०७ साली सुरू झालेली, आणि तुझ्या भावाने फूटपट्टीने रुळांमधले अंतर मोजून खात्री करून घेतल्यावरच तो डब्यात चढला. वर मोटारींना बंदी असल्यामुळे लाल मातीच्या वाटांवर तुम्ही मोकळे हिंडलात. संध्याकाळी उतरलो होतो तेथल्या ओसरीवर शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला सामील करून घेऊन झब्बूचा मोठा डाव मांडला, तेव्हा तुझी आई मोठ्याने, मनमुराद हसली. घरी तिला असे हसायला सवड मिळत नसे. ते हसणे ऐकून मला वाटले, की सुटी खरी कोणाला हवी असेल तर ती हिला.

म्हणून बेटा, तुम्ही देऊ केलेली सहल मी नाकारत नाही. तुमच्या मनातली माया मला समजते आणि ती मी आनंदाने घेतो. मात्र तिचे रूप थोडे बदल, एवढी विनंती आहे. आम्हा दोघांना विमानात बसवून द्याल, तर आम्ही कांचनजंगा पाहून परत येऊ, आणि ८,५८६ मीटर उंचीचे ते शिखर पाहणे ही लहान गोष्ट नाही. परंतु दार्जिलिंग आपण चौघांनी जमिनीवर बसून रचले होते, तेव्हा तेथे जायचे तर सगळ्यांनी जावे, आता वाढलेल्या माणसांसह, आणि शक्य तेवढे त्याच वाटेने. विमानाचे पैसे वाचतील, त्यात सगळ्यांची तिकिटे बरीचशी बसतील. सासूबाईंना एवढा प्रवास झेपत नसेल तर त्यांनी आणि तुझ्या आईने विमानाने यावे, आम्ही त्यांना न्यू जलपाईगुडीला भेटू. गाडीतल्या दोन दिवसांत बंडूला कंटाळा येईल, ही भीती बाळगू नकोस. खिडकी आहे, वरचा बर्थ आहे आणि पाच-तीन-दोन शिकवायला आजोबा आहेत. मुक्कामात रोज चार ठिकाणे पाहण्याचा कार्यक्रम ठेवू नका. एक पहाट टायगर हिलवरून सूर्योदय पाहण्यासाठी राखा, एक दिवस छोट्या गाडीसाठी, आणि बाकीचा वेळ कोणी विचारले "आज काय करायचे", तर उत्तर तयार नसावे असा मोकळा सोडा.

पावसाळा सरल्यावर तिकडे आकाश स्वच्छ असते, त्यामुळे दिवाळीची सुटी सोयीची आहे. आता आरक्षण गाडी सुटण्याच्या ६० दिवस आधी उघडते. तेव्हा बंडूच्या शाळेच्या सहामाही परीक्षेच्या आणि सुटीच्या तारखा समजताच मला कळव, म्हणजे दिवस मोजून ठेवता येतील. जावईबापूंना रजा केव्हा मिळेल, तेही विचारून घे. गाड्या जुळवण्याचे काम मात्र बंडूकडे दे. नवे वेळापत्रक आणि भारताचा मोठा नकाशा मी आजच त्याच्या नावाने टपालाने पाठवत आहे. त्याला फक्त एवढेच सांग, की मिरजेहून निघायचे आहे आणि आजोबांना दुपारच्या उजेडात नागपूर पाहायचे आहे.

सासूबाईंना नमस्कार, जावईबापूंना व बंडूला आशीर्वाद.

तुझे,
बाबा