आईचं परतीचं विमान

दिल्या,

तीन महिने झाले तुला लिहून, शिव्या घाल पण आधी वाच. तब्येत बरी, शुगर आटोक्यात. परवा मारबतीच्या मिरवणुकीला गेलो होतो, गर्दीत तुझी लय आठवण आली.

जूनमध्ये आईला अमेरिकेत एडिसनला सोडून आलो ना, त्यातली एक गोष्ट कोणालाच सांगितली नाही, हिलासुद्धा नाही. मुंबई ते नेवार्क सोळा तास, मध्ये उतरणं नाही. आईला खिडकी दिली, ढग पाहील म्हणून. तू म्हटलं होतं बे, आईल सीट घे, वाटेकडची, अन् मी तुझ्याशीच भांडलो. तुझं बरोबर होतं. बाथरूमला जायचं तर मला अन् बाजूच्या माणसाला उठवा लागते, म्हणून तिनं पाणीच बंद केलं! माझा डोळा लागला की आपला ग्लास माझ्या ग्लासात ओतून दे, विचारलं तर म्हणे, "पेली ना रे बाप्पा." विमानातली हवा म्हणजे आपल्या मे महिन्यातली दुपार, आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली, अन् दाब सहा-आठ हजार फुटांवर असतो तेवढा, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुप्पट उंचीवर बसून राहिलो समज. ओठ सुकतात, पोट फुगते, अन् ही तशीच पाय लटकवून बसलेली.

उतरताना चप्पल पायात जाईना. मी खाली बसून घोट्याजवळ अंगठा दाबला तर खड्डा पडला अन् तसाच राहिला. मग पोटरीला हात लावला, अन् मला तुझे बाबा आठवले. दोन्ही पाय सारखेच सुजले होते म्हणून थोडा धीर आला, रक्ताची गाठ झाली तर बहुतेक एकच पाय सुजते ना, दोन दिवसांत सूज उतरलीही, पण त्या दोन रात्री मी उठून उठून तिच्या पोटऱ्या पाहत होतो, एखादी लाल तर नाही, गरम तर नाही. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आता ऑक्टोबरात आणायला जाऊन राहिलो. यावेळी आईल सीट, लागू दे पैसे. धंतोलीच्या डॉक्टरनं गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लिहून दिले, सूज यायच्या आधी, सकाळीच चढवा म्हणे. तुझ्या लग्नात तुला चुडीदार चढवायला बंड्या अन् मी दोघं लागलो होतो, तसंच काम आहे ते. दर दोन तासांनी चालवा, बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करायला लावा, पोटरीच रक्त वर ढकलते म्हणे. उतरताना कानाला दडे बसतात त्याच्यासाठी चघळायला लवंग. हे सगळं मी करीन रे, पण पाणी? ते तर तिलाच प्या लागेल.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? पोरीची ॲडमिशन? वहिनींना नमस्कार.

एक काम कर. आईला फोन कर. संध्याकाळी सातनंतर, तिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ असतात, पूजा आटोपली असते तिची. तुझ्या बाबांचं काय झालं होतं ते पूर्ण सांग. माझ्या तोंडून निघत नाही. तुझं ऐकते ती.

तुझा,
विज्या