डायलिसिसच्या खुर्चीत सांगितलेले लक्षात राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. गच्च भरलेल्या गाडीत कुणाचे किती सुटे द्यायचे राहिले, कोण कुठल्या थांब्याला उतरणार, हे सारे त्यांच्या डोक्यात असायचे. डेपोत हिशेब भरताना कधी एक रुपया मागेपुढे झाला नाही, याचा त्यांना आजही अभिमान आहे. गेली चार वर्षे ते डायलिसिसवर आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार. आता किराणा दुकानातून परत आलेले पैसे ते मोजायला घेतात, मध्येच अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात आणि शेवटी तसेच माझ्या हातात देतात.

वय झाले, असे मी मनाला समजावत राहिले. वय तरी किती, तर ६३. मग मागच्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली, तिच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

डायलिसिस संपायला अर्धा तास असताना डॉक्टर राउंडला आले. मशीनवर असताना रक्तदाब उतरतो, म्हणून डायलिसिसच्या दिवशी बीपीची गोळी सकाळी घेऊ नका, रात्री घ्या, असे त्यांनी ह्यांना सांगितले. ह्यांनी मान डोलावली. मी बाहेर बाकावर बसले होते. घरी येताना विचारले, डॉक्टर काय म्हणाले? 'काही नाही, सगळे ठीक आहे म्हणाले.' मी रोजच्यासारखी सकाळी गोळी हातावर ठेवत राहिले. तिसऱ्या आठवड्यात मशीनवर असतानाच रक्तदाब इतका खाली गेला की ह्यांची शुद्ध हरपली. सलाइन लावले, डायलिसिस अर्ध्यावर थांबवावे लागले. त्यानंतर मला आत बोलावून चार पेशंटसमोर सुनावले, 'तुमचा पेशंट ऐकत नाही.' फाइलवरही तसेच लिहिले आहे : सूचना पाळत नाहीत.

ज्या माणसाने तीस वर्षे ड्युटीची एक वेळ चुकवली नाही, त्याच्या नावापुढे हे वाक्य वाचताना मला रडू आले. त्यांनी सूचना मोडली नव्हती, त्यांच्या लक्षातच राहिली नव्हती.

माझी पुतणी नर्सिंग शिकते. तिने शोधून मला वाचून दाखवले, ते इथे लिहिते, कारण डायलिसिस केंद्रांत मला हे कुणी सांगितले नव्हते. अमेरिकेत मिनेसोटामध्ये ५५ वर्षांवरील ३३८ डायलिसिस रुग्णांची स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, नियोजन असे सगळे तपासले गेले आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. सर्व चाचण्यांत ठीक असलेले रुग्ण शंभरात जेमतेम १३ निघाले. शंभरातल्या ३७ जणांची बुद्धी तीव्र स्वरूपात मंदावलेली होती. आणि ज्यांच्या कागदपत्रांत अशा त्रासाची आधी नोंद होती, ते शंभरात तीनसुद्धा नव्हते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी २८ रुग्णांना डायलिसिसच्या आधी, चालू असताना, नंतर आणि दुसऱ्या दिवशी तपासले. मशीन चालू असताना त्यांचे डोके सर्वांत कमी चालत होते. मशीनला लावण्याआधी किंवा दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगले. आमच्याकडे गोळ्यांतला बदल, आहाराचा सल्ला, कधी कधी तर सहीसाठी पुढे केलेला कागद, हे सगळे नेमके मशीनवरच्या त्या चार तासांतच होते, कारण तेव्हा पेशंट हमखास जागेवर सापडतो.

कारणही समजून घेतले. एवढ्याशा वेळात दोन-तीन लिटर पाणी शरीरातून काढले जाते, रक्तदाब खाली येतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठाही घटतो. आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षे. त्यात मधुमेह आणि रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या. म्हणून हा विसराळूपणा आपल्याला माहीत असलेल्या म्हातारपणाच्या विसरण्यासारखा दिसत नाही. विचारांचा वेग कमी होतो, एकापाठोपाठ दोन कामे करायची म्हटली की गोंधळ उडतो. आमचे हे जुन्या मार्गावरचे सगळे थांबे आजही ओळीने सांगतात, गप्पा छान मारतात. डॉक्टर दोन मिनिटे बोलले तर त्यांना काही जाणवणारच नाही. एकत्र राहणाऱ्यालाच ते कळते.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डायलिसिसच्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, काही दगावले. डॉ. अॅलन अल्फ्रे यांनी शोध घेतला तेव्हा संशय अॅल्युमिनियमवर गेला. ते डायलिसिसच्या पाण्यातून आणि रुग्णांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतून शरीरात साठत होते. आज प्रत्येक केंद्रात आरओचे पाणी वापरतात त्यामागे तेही एक कारण आहे. कुणीतरी रुग्णाच्या डोक्याकडे लक्ष दिले, म्हणून पाणी सुधारले.

आणि सगळाच विसराळूपणा कायमचा नसतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. किडनी निकामी झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, साखर एकदम उतरते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. पाठ धरली म्हणून गावातल्या दवाखान्यात दिलेली बॅक्लोफेनसारखी गोळी डायलिसिसच्या रुग्णाला गुंगीत नेऊन बेशुद्ध करू शकते, कारण ती लघवीवाटे बाहेर पडते आणि इथे तो मार्गच बंद असतो. खाजेसाठी, नसांच्या दुखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गॅबापेंटिनचेही तसेच, मात्रा बेतूनच द्यावी लागते. कमरख म्हणजे चांदणीसारख्या फोडी पडणारे ते आंबट फळ तर अशा रुग्णाला चाखायलाही देऊ नये. त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही गेले आहेत. निराशा, अपुरी झोप, कमी ऐकू येणे यांचाही डोक्यावर परिणाम होतो. घरातला माणूस अचानक भलतेच बोलू लागला तर 'विसरतात हल्ली' म्हणून सोडून न देता त्याच दिवशी दाखवावे.

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला, राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आमच्यासारख्या घरांना याच योजनांनी उभे ठेवले, नाहीतर दागिने कधीच गेले असते. त्यामुळे माझी मागणी तक्रार म्हणून घेऊ नये. प्रत्येक वेळी मशीनला लावण्याआधी वजन आणि रक्तदाब मोजतात. वर्षातून एकदा लक्ष आणि स्मरणशक्तीही तपासावी, तीही मशीनवर नसताना. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाला कागदावर घड्याळाचे किंवा ठोकळ्याचे चित्र काढायला सांगून नापास करू नये. घरच्यांना विचारावे, पूर्वी काय जमायचे आणि आता काय अडते. औषधात बदल केला तर सुया लावण्याआधी सांगावा, नातेवाइकाला आत बोलावून सांगावा आणि मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्यावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आणि 'सूचना पाळत नाहीत' हा शेरा मारण्याआधी, सूचना लक्षात राहिली होती का, एवढे विचारावे.

घरी मी एक युक्ती केली आहे, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच पाणी सकाळी एका बाटलीत भरते. दिवसभराच्या चहाचे, गोळ्यांचे पाणी त्यातूनच घ्यायचे. ह्यांना किती प्यायलो हे आठवावे लागत नाही, बाटलीकडे पाहिले की समजते. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढणारे वजन त्याने कमी झाले, पाणी कमी ओढावे लागते आणि मशीनवर रक्तदाब पूर्वीसारखा कोसळत नाही. गोळ्यांची वही मी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवते. कंडक्टर असताना तिकिटांचा ब्लॉक ठेवायचे, त्याच बाजूला. ती मात्र ते विसरत नाहीत. आता केंद्रातल्या एक सिस्टर ह्यांना मशीनला लावण्याआधी ती वही मागून घेतात आणि बदल असेल तर मला आत बोलावून स्वतःच्या हाताने त्यात लिहितात.

आपली,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)