भेग बुजली तरी तपासणी चुकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातली फाटलं की आपोआप सांधणाऱ्या किरणरोधक साहित्याची बातमी वाचली. संशोधन मोलाचं आहे, ते छापलंत याबद्दल आभार. पण ‘यामुळे वारंवार तपासणीची गरज उरणार नाही’ हे वाक्य त्यात कुणी घातलं? एक्स-रे खोलीत नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला ते वाचून गप्प बसवत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या किती दवाखान्यांत लेड ॲप्रनची, म्हणजे किरण अडवायला अंगावर घालायच्या शिशाच्या ॲप्रनची, तपासणी आज होते, ते आधी विचारायला हवं होतं.

मी होतो त्या रुग्णालयात ॲप्रन एकच. काम झालं की घडी घालून स्टुलावर टाकायचा, अशी तिथली रीत. खरं तर तो हँगरला सरळ टांगायचा असतो. आत शिशाची भुकटी मिसळलेला रबरी थर असतो आणि तो रोज एकाच जागी दुमडला की तिथेच तडकतो. वरचं रेक्झिन मात्र शाबूत दिसतं. एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तो टेबलावर पसरला, कमरेच्या भागाखाली चौदा बाय सतरा इंचाची कॅसेट, म्हणजे एक्स-रे फिल्मची चपटी पेटी, सरकवली आणि एक्स्पोजर दिलं. डार्करूममध्ये फिल्म हायपोच्या द्रावणातून काढली, धुतली आणि उजेडासमोर धरली. सगळा भाग पांढरा आणि घडीच्या जागी आडव्या काळ्या रेघा, त्यातली एक चांगली वीतभर. फिल्मवर काळं म्हणजे तिथून किरण आरपार गेलेत.

तो ॲप्रन आमच्या रुग्णालयातल्या मदतनीस मावशी घालायच्या. हात मोडलेलं लेकरू रडून हलायला लागलं की मावशी त्याला धरून उभ्या राहायच्या. त्या रेघा बरोबर त्यांच्या ओटीपोटावर येत होत्या. ओली फिल्म तशीच घेऊन मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “वरून तर चांगला दिसतोय की! आणि तुमच्या बॅजचं रीडिंग नीट येतंय ना?” अहो, अंगावर किती किरण पडले ते मोजणारा हा बॅज लावतात छातीवर, ॲप्रनच्या आत, आणि तीन महिन्यांनी तो वाचायला जातो. कमरेच्या भेगेतून काय आलं हे त्याला कळणार कसं? आणि मावशींना तर बॅजही नव्हता. नव्या ॲप्रनची मागणी ‘पुढच्या बजेटात बघू’ म्हणून पडून राहिली. स्टोअरमधून चिकटपट्टीचं एक रीळ तेवढं आलं. चिकटपट्टीनं रेक्झिन चिकटतं, किरण अडत नाहीत. याचा राग मला आजही येतो.

आता त्या नव्या साहित्याबद्दल. २००८ साली पॅरिसच्या लुडविक लायब्लर यांच्या गटानं वनस्पती तेलातल्या स्निग्धाम्लांपासून असं रबर करून दाखवलं, की कापलेली टोकं साध्या तापमानालाही नुसती टेकवून दाबली की सांधतात. रेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात आणि परत जुळतात. पण टोकं फार वेळ वेगळी राहिली तर ही ताकद उतरत जाते. म्हणजे भेग पडल्याचं वेळेवर कळायला हवंच. शिवाय रबर सांधणं निराळं आणि किरण अडणं निराळं. एक्स-रे अडवतो तो रबरात कालवलेला जड धातू: शिसं, बिस्मथ किंवा टंगस्टन. सांध्यात रबर जुळलं आणि भुकटी विरळ राहिली, तर बोट फिरवून भेग लागणार नाही, डोळ्यांना दिसणार नाही, किरण मात्र तिथूनच जास्त निसटतील. अशा ॲप्रनला एक्स-रेखाली घालून बघण्याची गरज कमी होत नाही, उलट वाढते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे ॲप्रन किमान ०.२५ मिलिमीटर शिशाच्या तोडीचा हवा. सांध्यातही तेवढीच तोड आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

बातमीत अवकाशयान आणि दवाखाना एकाच माळेत ओवलेत, तेही बरोबर नाही. अवकाशात वेगवान प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रं यांचा मारा असतो. तिथे पॉलिथिलीनसारखं हायड्रोजन भरपूर असलेलं हलकं साहित्य बरं पडतं. शिशावर आदळून उलट दुय्यम कणांचा वर्षाव होतो. एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही, एवढी एक ओळ तरी हवी होती.

माझी विनंती एवढीच, की ते वाक्य दुरुस्त करून छापा. उद्या एखादा साहेब तेच कात्रण दाखवून ॲप्रनची तपासणी टाळेल. आणि तालुक्याच्या वार्ताहरांना प्रत्येक एक्स-रे खोलीत दोन प्रश्न विचारायला सांगा: ॲप्रन शेवटचा कधी तपासला, आणि त्याची नोंद कुठे आहे? पेशंटला धरायला नातेवाइकांना आत बोलावतात, त्यांनीही ॲप्रन मागून घ्यावा, पोटात बाळ असेल त्या बाईनं तर आत थांबूच नये, हेही छापा.

जाता जाता आणखी एक. त्याच पानावर खाली ‘मोबाइलच्या किरणांपासून संरक्षण’ देणाऱ्या स्टिकरची जाहिरात आहे. मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावत नाहीत, आणि पाठीमागे चिकटवलेल्या टिकलीएवढ्या स्टिकरनं त्या अडतही नाहीत. अडल्या असत्या तर फोनच लागला नसता. वर विज्ञानाची बातमी आणि खाली ही फसवणूक, हे आपल्या पेपरला शोभत नाही. ती जाहिरात कृपया पुन्हा घेऊ नका.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, परभणी